दोन कोरड्या पावसाळ्यांची हमी

उमरगा, १८ ऑगस्ट १९८६

चि. शिवशरण यास मुक्ताअक्काचे अ. आ.

पत्रास कारण, परवा आमच्या सोसायटीच्या दर्शनी भिंतीवरची एक शहाबादी फरशी तिसऱ्या मजल्यावरून सुटली आणि थेट ओट्यावर, सासूबाईंच्या रोजच्या जागेवर पडली. त्या चहाला आत आल्या होत्या म्हणून वाचल्या. पितळी पानडबा मात्र पापडासारखा झाला, आणि त्यांना दुःख आहे ते डब्याचंच. तुझे दाजी पडले चेअरमन. त्यांनी तपास करून निकाल दिला, की फरशी माकडांनी उचकटली. उमरग्यात माकडं आम्ही कधी बघितली नाहीत, असं मी म्हटलं. तर म्हणाले, दुष्काळामुळं आली असतील.

खिडक्यांचं तर विचारूच नकोस. चौकट आणि भिंत यांच्या फटीतून माती चाळून आल्यासारखी येते. जिथून माती येते तिथून पाणी येणारच, पण पाणी आहे कुठं? इमारत बांधणाऱ्या गुत्तेदार गुंडाप्पानं हमी लिहून दिली ती दोन पावसाळ्यांची. मागचा कोरडा गेला, हाही तसाच चाललाय, सप्टेंबर संपला की हमी संपली. आभाळाकडं बघून खूश होणारा अख्ख्या तालुक्यात तो एकटाच.

तू सोसायट्यांच्या इमारती तपासणारा ओव्हरसियर. येऊन बघ आणि लिहून दे. सासूबाई हट्टानं तिथंच बसतात. मला भीती वाटते.

पोराबाळांना पापा. लोभ असतोच, तो या वेळी जरा कामात दाखव.

तुझी अक्का

उस्मानाबाद, २५ ऑगस्ट १९८६

ती. सौ. अक्कास शिवशरणचा शि. सा. न. वि. वि.

मल्लम्मा मावशी वाचल्या हे वाचून बरं वाटलं. दाजींच्या माकडांनाही माझा नमस्कार सांग.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गळतीची तक्रार करायची तर गळती दिसली पाहिजे, पाऊस आला की बघू. मी म्हटलं, तोवर हमी संपेल. ते म्हणाले, मग प्रश्नच मिटला. बाहेरून पाणी ओतून तपासणी करता येते, तसा नियम आहे. पण जिथं प्यायला टँकर लागतो तिथं खिडकीवर पाणी ओता, असं कोणत्या तोंडानं लिहू? शिवाय कागदावर चेअरमनची सही लागते, ती दाजी कशाला करतील?

आता खरं सांगतो. दोन वर्षांमागं ही इमारत पास केली ती मीच. तू पुरणपोळ्या वाढल्यास, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि दाजींनी हात धरून बसवलं, की गच्चीवर जाऊन काय बघायचंय. खाली हाताला लागल्या तेवढ्या फरश्या मी ठोकून बघितल्या आणि सही केली. आता उलटं लिहिलं तर तीच सही माझ्या अंगावर येईल. बढतीची यादी दिवाळीला लागणार आहे. तूर्त मावशींना आतल्या खोलीत बसव.

राग मानू नकोस. लहान भावावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा शिवशरण

उमरगा, ४ सप्टेंबर १९८६

चि. शिवशरण यास अ. आ.

राग मानला आहे. सासूबाईंना तुझा निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, साठ वर्षं दुसऱ्याच्या ओसरीला बसले, आता माझ्या लेकाच्या इमारतीखालीच बसणार, मग फरशी पडो न्हायतर आभाळ पडो.

माठ घेताना वाजवून घेतो, तसं मी लाटण्यानं सज्जातून आणि जिन्यातून हात पोचेल तिथवर एकोणऐंशी फरश्या वाजवल्या. एकतीस पोकळ निघाल्या. त्यांच्यावर खडूनं फुल्या मारल्या. दाजी म्हणाले, इमारतीला गोवर आल्यासारखा दिसतोय, धुऊन टाक. मी म्हटलं, पाणी आणून द्या, लगेच धुते. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

टँकर तीन दिवसांनी येतो, घरटी तीन घागरी. आम्ही बारा बिऱ्हाडांच्या बायकांनी ठरवलंय, एकेक घागर खिडकीवर ओतायची. पहिली सासूबाईंची. त्या म्हणाल्या, आंघोळ ऱ्हाऊ दे, म्या काय नवरी न्हाय. आत पाणी आलंच तर धरायला पराती लावू, वाया जाणार नाही.

रविवारी, चौदा तारखेला ये. पुरणपोळी होणार नाही. पाणी नाही आणि मनही नाही.

आशीर्वाद आहेत, ते मात्र आटलेले नाहीत.

अक्का

उस्मानाबाद, १७ सप्टेंबर १९८६

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू गच्चीवर घागरी ओतत होतीस, म्हणून आत काय झालं ते लिहितो. दाजी सगळ्यांना सांगत होते, की एक थेंब आत येणार नाही. तेवढ्यावर न थांबता परीटघडीचं धोतर नेसून, खुर्ची ओढून नेमके खिडकीखाली बसले आणि पेपर उघडला. तिसऱ्या घागरीला पेपरचा कोपरा भिजला. सातव्या घागरीला चष्म्यावरून ओघळ आला. तरी उठले नाहीत. मावशी दारातून म्हणाल्या, अण्णाराव, माकडं आली का रं? मला हसूही आलं आणि त्यांची कीवही आली.

बारा ओतल्या, पराती मोजल्या तर साडेचार घागरी आत. दाजींनी पेन मागितलं. ओल्या हातानं सही फिसकटली. दुसरा कागद देऊ लागलो, तर म्हणाले, हाच राहू द्या, हा जास्त खरा आहे.

कागदात एक रकाना असतो, आधीची तपासणी कोणी केली. तिथं माझं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, गच्चीवर न जाता. साहेब म्हणाले, रकाना कोरा ठेवला असता तरी चाललं असतं. काल यादीतून माझं नाव गेलं. हलकं वाटतंय असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटतंय. पण मावशींचा पानडबा डोळ्यांपुढून जात नव्हता.

दाजींना नमस्कार. बोलणं सुरू कर. तुझ्या रागातही माझी जागा ठेव.

तुझा शिवशरण

उमरगा, ५ ऑक्टोबर १९८६

चि. शिवशरण यास अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझा कागद हमी संपायच्या आत गुंडाप्पाला पोचला. त्याची माणसं फरश्या उतरवतायत, चौकटी काढून ठेवल्यात, घर चारी बाजूंनी उघडं आहे. दाजी दिवसभर गच्चीवर उभे असतात आणि प्रत्येक फरशी माझ्या लाटण्यानं वाजवूनच घेतात. त्यामुळं भाकरीच चालू आहे, पोळीचं नाव नाही. बोलणं सुरू झालंय. पहिलं वाक्य त्यांचंच होतं, की शिवशरणचं आपल्यामुळं नुकसान झालं.

पराती भरल्या त्या पाण्यानं सासूबाईंनी आंघोळ केली. ओट्यावर अजून बसू देत नाहीत, म्हणून त्या गुंडाप्पाच्या माणसांवर लक्ष ठेवत रस्त्यापलीकडं बसतात.

दसऱ्याला सगळ्यांना घेऊन ये. बारा घरांनी एकेक तांब्या पाणी माझ्याकडं आणून ठेवलंय, तुझं पुरण शिजावं म्हणून. नुसतं लिहितानाही डोळे भरून आले.

पण आधी गच्चीवर जाऊन यायचं. खाली आलास की ताट वाढीन.

तुझीच,
अक्का