रॅम्प मोकळा आहे का?

शिळफाटा, खोपोली
कोजागिरीनंतरचा बुधवार, १९८२

प्रिय शकू,

आधी बातमी, मग बाकीचं. आम्ही गावाला परत जात नाही. पंप विकायचा नाही असं ठरलं, आणि ठरवलं ते खुद्द मामंजींनी. आमची ठकी आठवीतच, याच शाळेत राहणार. माझा जीव भांड्यात पडला, तुझाही पडेल. दसऱ्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण गाड्यांची रीघ हटेना. आज जरा हात कोरडे आहेत, तेव्हा सगळं सविस्तर सांगते. पत्र शेवटपर्यंत वाच. चुलीवर काही उतू जातंय म्हणून मध्येच उठायची तुझी सवय मला माहीत आहे, आणि वाचलेलं अर्धं विसरायचीही.

तुझे भावजी ज्या कारखान्यात होते तो बंद पडला आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी हा गाड्या धुण्याचा पंप घेतला, ते तुला ठाऊकच आहे. परीक्षा संपल्यावर तू ठकीला भेटायला आलीस तेव्हा नुसता सिमेंटचा रॅम्प झाला होता. दोन उंच कट्टे आणि मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. त्यावर ट्रक चढवायचा आणि खालून, बाजूंनी जोराचं पाणी मारून चिखल आणि तेल काढायचं. पाण्याच्या नळीला पुढे लोखंडी तोंड असतं, त्याला सगळे गन म्हणतात. घाट उतरून आलेल्या ट्रकला मुंबईत शिरायच्या आधी थांबावंच लागतं, तापलेले ब्रेक गार करायला. तेवढ्या वेळात गाडी धुऊन द्यायची, असा ह्यांचा विचार होता, आणि विचार काही वाईट नव्हता. पाणी भरपूर, हमरस्ता दारात. फक्त गिऱ्हाईक टिकत नव्हतं.

त्याचं कारण मला पावसाळ्यात कळलं. ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा आणि खिडकीतूनच विचारायचा, रॅम्प मोकळा आहे का, किती वेळ लागेल. तुझे भावजी म्हणायचे, बघू. मग तंबाखू मळायचे. पंपाला एक चक्कर मारायचे. मग ड्रायव्हरला त्याचं गाव विचारायचे, तिकडे पाऊस कसा आहे ते विचारायचे. तोवर त्याने गियर टाकलेला असायचा आणि गाडी समोरच्या गजाशेठच्या धुलाई सेंटरला लागलेली असायची. हे मात्र इकडे म्हणायचे, काय माणसं आहेत, दोन शब्द बोलायला थांबत नाहीत.

त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही गं. भातवाल्याच्या घरातला माणूस. कर्जतचा व्यापारी भाव विचारायला अंगणात आला की मामंजी त्याला आधी बसवणार, चहा पाजणार, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करणार आणि भावाचं उत्तर देणार दुसऱ्या खेपेला. पटकन हो म्हटलं की समोरच्याला वाटतं याचं अडलंय, असं मामंजी म्हणतात, आणि भाताच्या बाबतीत ते खरंच आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? तुझी मागणी आली तेव्हा बाबांच्या मनात पहिल्याच दिवशी होकार होता, तरी उत्तर द्यायला पंधरवडा लावला. तू परसात तोंड फुगवून बसायचीस आणि आई म्हणायची, मुलीकडच्यांनी घाई करायची नसते. त्या पंधरवड्यात आपल्याला जेवण गोड लागलं नाही, असं तुझ्या बुधाजींनी लग्नानंतर एकदा हसत सांगितलं होतं. बुधाजी असते तर हे सगळं मी त्यांनाही तिखटमीठ लावून सांगितलं असतं. पण भात कणगीत थांबतं, ट्रक काही थांबत नाही.

गणपतीला गावी गेलो तेव्हा मामंजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दसऱ्यापर्यंत वाट बघा, नाही जमलं तर पंप विका आणि घरी या, शेताला माणसं हवी आहेत. तिथे मात्र तुझे भावजी झटकन हो म्हणाले. मला असा राग आला म्हणून सांगू. गावची शाळा सातवीपर्यंत. सासूबाईंनी तर ठकीला शेळ्याही दाखवून ठेवल्या, ही तुझी, ती तुझी म्हणून. खोपोलीला आल्यावर पोरगी पुस्तकांना नवी कव्हरं घालायला बसली, जशी काही कव्हरं घातली की शाळा सुटणार नाही. त्या दिवशी मी ठरवलं, आता आपण गप्प बसायचं नाही.

त्याच आठवड्यात हे पंपाचा वायसर, पाणी गळू नये म्हणून घालतात ती चकती, आणायला कर्जतला गेले होते. जुनाच कसाबसा बसवून ठेवलेला. मी एकटी होते. एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने विचारलं, धुऊन मिळेल का. माझ्या तोंडून निघून गेलं, मिळेल, आत्ता घ्या, अर्ध्या तासात सोडते. बोलून गेले आणि मग आठवलं, गन मी तोवर हातातसुद्धा धरली नव्हती. मोटर सुरू केली आणि गनने असा हिसका दिला की मी थेट चिखलात बसले. हस, हस. तो येसाजी ड्रायव्हरही हसला, पण खाली उतरून त्याने मागून नळी धरली. उतरून आलेल्या गाडीच्या चाकांवर लगेच पाणी मारायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं, एवढं ह्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. म्हणून आधी केबिन धुतली, मग बाजूचे लाकडी फाळके आणि चाकं शेवटी. धुलाई कशी झाली विचारू नकोस. एका मडगार्डवरचा चिखल तसाच राहिला होता, मी तोंडाने कबूलही केलं. त्यावर तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ताई. इचारल्याबरुबर सांगितलंत, तेवढंच पायजे. समोर इचारलं तर म्हनले, मालक जेवतायत.”

दोन दिवसांनी त्याच्याच कंपनीच्या आणखी गाड्या आल्या. येसाजीने पाठवलंय म्हणाले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर खूश होण्याऐवजी चिडले. पंप चालू झाला नसता तर काय करणार होतीस, म्हणे. मी म्हटलं, तर तेही लगेच सांगितलं असतं. यावरून आमचं दोन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी लाईट गेली आणि एक गाडी आली. मी ह्यांच्या आधी पुढे होऊन सांगितलं की आज होणार नाही, थांबू नका, समोर गजाशेठकडे इंजिनावरचा पंप आहे, तिथे जा. तुझ्या भावजींचा चेहरा तू पाहायला हवा होतास. आपल्या हाताने गिऱ्हाईक समोर पाठवणारी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. जेवायलासुद्धा माझ्याकडे पाठ करून बसले. पण तोच ड्रायव्हर पुण्याहून परत येताना आमच्याकडे थांबला आणि सोबत आणखी एकाला घेऊन आला. इथे नाही म्हणतात तेही खरं सांगतात, असं त्याने त्या दुसऱ्याला माझ्यादेखत सांगितलं. त्या दिवशी जेवताना ह्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

पुढे एक अडचण राहिली. भरलेली गाडी उतारावरून येते, ती आमच्या दारात थांबवून मग रॅम्प मोकळा नाही असं कळलं की ड्रायव्हर वैतागतो. परत ती सुरू करायची, वेग घ्यायचा, त्यात मागच्या गाड्या बोंबलतात. म्हणून मी येसाजीला सांगितलं की वरच्या वळणावरून दोनदा हॉर्न वाजवा, मी इथूनच सांगते. आणि शकू, आता रागावू नकोस. ठकीच्या बारशाला तू मला दिलेलं हिरवं पातळ मी फाडलं. विरलं होतं गं, नेसण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याचा एक तुकडा एका काठीला बांधला, दुसरीला एक लाल फडकं. हिरवं हलवलं की सरळ आत या. लाल दिसलं की रॅम्पवर गाडी आहे, थांबायचं तर थांबा. हळूहळू हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत झालं. हॉर्न ऐकला की मी असेन तिथून धावते, हाताला पीठ असलं तरी. गजाशेठ एकदा रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, वहिनी, तुम्ही रेल्वेत का नाही लागलात.

आता दसऱ्याचं ऐक. खंडेनवमीला गाड्या धुऊन घ्यायच्या म्हणून सकाळपासून रांग लागली होती. आणि नेमके त्याच सकाळी मामंजी आले. सोबत गोण्या आणि सुतळी, आमची भांडीकुंडी बांधायला. मी पाया पडले, खाट टाकून दिली आणि कामाला लागले, पण लक्ष सगळं त्या सुतळीकडे. ठकी आतून बाहेरच येईना. तेवढ्यात एक नवा ड्रायव्हर, कधी न आलेला, गाडी लावून खाली उतरला. खाटेवर बसलेले म्हातारे गृहस्थ बघून त्याला तेच मालक वाटले. त्याने विचारलं, नंबर कधी लागेल. आणि मामंजी म्हणाले, बसा, च्या घ्या, कुठलं गाव? मी रॅम्पच्या पलीकडे, दोन्ही हात गनला. ओरडले तरी पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ड्रायव्हर वळला, पाय फुटबोर्डावर ठेवला. मला वाटलं, संपलं. मामंजींच्या डोळ्यांदेखत गिऱ्हाईक जाणार आणि आमचं बोचकंही त्यामागून जाणार.

तेवढ्यात रॅम्पच्या खालून तुझे भावजी बाहेर आले. नखशिखांत काळे, डोळे तेवढे पांढरे. हातातला ब्रश वर करून त्यांनी आवाज दिला, “या दोन गाड्यांमागं तुमचा नंबर. जेवनाच्या आत सोडतो. लावा पाठी.” बापासमोर, बापाचं बोलणं तोडून. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना बाहेरच्या माणसाला इतक्या लवकर उत्तर देताना पहिल्यांदा ऐकलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि गाडी रांगेत लावली. मामंजी बराच वेळ बघत बसले. गाड्या येतात कशा, हॉर्न वाजतो कसा, सून धावते कशी. दुपारी जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, “हितं मान्सांना दम नाय रं आबा. तू हितंच रा. आन् पोरीला शालेतून काडू नको.” मी आत जाऊन पदर तोंडाला लावून रडले. ठकीला कुशीत घेतलं तर तीही रडत होती. संध्याकाळच्या एसटीने मामंजी एकटेच परत गेले. गोण्या मात्र बरोबर नेल्या, भातकापणीला लागतील म्हणाले.

तेव्हापासून एकच अडचण आहे, पण ती सुखाची. काम दोघांना आवरत नाही. मी गनवर असले तर हॉर्नला उत्तर कोण देणार, आणि हॉर्नकडे गेले तर भाकरी करपते. ठकीला मी रॅम्पजवळ फिरकू देत नाही, तिने अभ्यास करायचा. कुणी भरवशाचं माणूस हवं, ज्याला विचारलं की चटकन सांगता येतं, हो की नाही. असं माणूस शोधायचं कुठे, यावर आम्ही आठवडाभर बोलत होतो. मी मनात एक नाव धरून होते, पण तुझ्या सासरच्यांना काय वाटेल, मामंजींना विचारावं की काय, या विचारात माझंच तोंड उघडत नव्हतं. तू इथून गेलीस त्या दिवसापासून तुझे भेगा पडलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. काय झालंय म्हणून विचारलं तर बरं चाललंय म्हणालीस आणि माझीच भांडी घासायला बसलीस. बुधाजी गेल्यापासून त्या घरात तू सगळ्यांच्या मागून जेवतेस, आणि कधी कधी जेवतही नाहीस, हे मला इतरांकडून कळतं. तुझ्याकडून कधी कळलं नाही.

आज सकाळी शेलूहून तुझी शेजारीण मोतीबाई आली. बिचकत बिचकत तिने तुझा निरोप सांगितला, की ताईकडे रॅम्पवर कुणी बाई लागते का ते सहज विचार, घाई नाही म्हणावं, आणि तिची अडचण होणार असेल तर विचारलंच नाही असं समज. मी काही बोलायच्या आत तुझे भावजी ओल्या अंगाने दारात येऊन उभे राहिले. मोतीबाईला म्हणाले, “लागते का ते नको इचारू. कदी येते ते सांग.” आणि पुढचं ऐकायलाही थांबले नाहीत. मागच्या खोलीतले तेलाचे डबे बाहेर काढायला लागले. आता मी हे लिहितेय तेव्हा ते त्या खोलीची जमीन गनने धुतायत, वेडे कुठले, घरभर पाणी झालंय. मोतीबाई बाजार करून येईल, तिच्याच हाती हे पत्र देते, टपालाने पाठवलं तर चार दिवस तू वाट बघत बसशील. धुलाईचं एवढं पुराण मी का लावलं ते आता कळलं ना? नुसतं ये म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताईला माझी कीव आली. कीव नाही गं. काम आहे, खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे आणि ते सगळ्यांबरोबर बसून आहे. उद्या सकाळी शेलूला गाडीत बस, कर्जतला उतर, तिथून खोपोलीची गाडी धर. हे स्टेशनवर उभे असतील.

वाट बघणारी, तुझीच
इंदूताई