महाधिपतीचा पहारेकरी

गुरुवार, १४ मार्च
दुपार, स्टुडिओतून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीकडून कळलं की टाके निघाले आणि आता पातळ काही गिळता येतं. बरं वाटलं. फोनच करणार होतो. पण तू पाटीवर लिहिणार, वहिनी वाचून दाखवणार आणि मी मात्र इकडून तोंडाचा पट्टा चालवत बसणार, हे बरं दिसेना. म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस.

इकडे सगळं ठीक. लिफ्ट पुन्हा बंद, त्यामुळे चार मजले चढून आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणाचाच आवाज लागत नाही. आपण आवाज देतो त्या अंतराळ-कार्टूनचा सहावा हंगाम सुरू झालाय. या आठवड्यात मी दोनदा मेलो: एकदा शिंगवाला हेर म्हणून उल्केखाली चेंगरून, एकदा दूत म्हणून वाईट बातमी आणल्याबद्दल. चिऊला सांग, काकाची एकूण मरणं आता त्रेचाळीस झाली. माझा तोतरा पहारेकरी तेवढा टिकून आहे. दर दोन भागांआड कोठडीची किल्ली हरवतो, तरी त्याला कुणी कामावरून काढत नाही. अशी नोकरी मलाही चालेल.

बोलावतायत. आलोच.

पाऊण तास गेला. पाणी प्यायलो, जिन्यात दोन फेऱ्या मारल्या, वरचं सगळं वाचून पाहिलं. नुसती टंगळमंगळ चाललीय माझी. तुला कळलंच असेल.

पहिल्या वर्षी मी किती कुरकुरायचो, आठवतं? ‘होय महाधिपती, चुकलो महाधिपती’, जन्मभर हेच म्हणायचं का? तेव्हा तू हातातला कप खाली ठेवून म्हणाला होतास, “अरे वेड्या, मी नुसता बोलतो. मुलांना घाबरवतोस तू. तुझे पाय लटपटले की त्यांना कळतं, मी कोण आहे ते.” ते मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलो. मनात मात्र म्हणालो होतो, याला बोलायला काय जातंय! मुख्य खलनायक हाच, पोस्टरवर हाच, आणि माझ्या वाट्याला लटपटणारे पाय.

दादा, या हंगामात महाधिपतीचा आवाज कोणाचा, हे तू विचारलं नाहीस. वहिनीनेही नाही. माझा आहे. रविवारी चार वाजता पहिला भाग लागेल. चिऊ नेहमीसारखी टीव्हीसमोर मांडी घालून बसेल आणि तिला वाटेल, बाबा बोलले. ते तिच्या कानावर पडायच्या आत तुला माझ्याकडून कळावं, म्हणून ही धावपळ.

मंगळवारी एक प्रसंग होता. पहारेकऱ्याने कोठडीचं दार उघडं ठेवलं म्हणून महाधिपती त्याची झाडाझडती घेतो. दोन्ही आवाज मलाच द्यायचे होते. आधी पहारेकऱ्याची वाक्यं घेतली. सात टेक झाले, एकही जमेना. शेवटी आपला रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, “आज तू घाबरतच नाहीयेस रे.” घाबरणार कुणाला? डावीकडच्या माइकपाशी तू नव्हतास. मग त्याने क्रम उलटा केला. महाधिपती आधी घेतला आणि तोच माझ्या हेडफोनमध्ये लावला. “माझ्या दाराशी उभा राहून तू कुणाला आत सोडलंस?” हुबेहूब तू. पहारेकऱ्याचं पुढचं वाक्य पहिल्याच टेकला, खऱ्या भीतीने निघालं. दिग्दर्शक बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बसलो.

आता लिहूनच टाकतो.

गळ्यातल्या गाठीचं तू दोघांनाच सांगितलं होतंस, मला आणि रेकॉर्डिस्टला. “निम्मे भाग उरकू दे, मग बोलू,” म्हणालास. तिसऱ्या दिवशी बाईंनी तुला बोलावलं आणि ‘आता आराम करा’ म्हणून हंगामातून काढलं. तुझा संशय सरळ रेकॉर्डिस्टवर गेला. सगळ्यांदेखत त्याला नाही नाही ते बोललास. वीस वर्षांची मैत्री दारातल्या दारात मोडलीस. तो मान खाली घालून उभा राहिला.

तो नव्हता, दादा. मी होतो.

माइकपाशी मी एकटा होतो. बाई आत आल्या आणि सहज विचारलं, “दादांचा आवाज का बसतोय हल्ली?” सर्दी झालीय म्हणता आलं असतं. मी म्हणालो, गाठ आहे. इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालू शकतो, की काळजीपोटी बोलून गेलो. पण पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, “वेळ आलीच तर मला जमतं,” आणि तुझं एक वाक्य तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. बाई दचकल्या. मला आनंद झाला. तुझ्या ऑपरेशनची तारीखही ठरली नव्हती आणि मला आनंद झाला.

माइक चालू होता. रेकॉर्डिस्टने सगळं ऐकलं होतं. काल मी त्याला विचारलं, “तू दादाला सांगितलं का नाहीस?” तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, “त्याला दवाखान्यात भाऊ लागणार होता. मित्र नंतरही चालला असता.”

आज सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं की ती गोष्ट मी फोडली, याने नाही. बाई म्हणाल्या, “आता त्याचं काय? दोन वाजता तयार राहा.” आणि दोन वाजता मी उभा राहिलो. काम सोडलं असं लिहिलं असतं तर तुला जरा बरं वाटलं असतं. पण सोडलेलं नाही. सोडवत नाही. हेही तुला माहीत असावं.

चिऊला आधीच सांगून ठेव की तो काका आहे. नाहीतर रविवारी टीव्ही लावूच नका. आणि शनिवारी सकाळी रेकॉर्डिस्ट तुझ्याकडे येतोय. या पत्राचं त्याला काहीच माहीत नाही, तुला नुसतं बघून जाईन म्हणाला. त्याला घरात घे. माझं काय करायचं ते सावकाश ठरव, पण त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस.

टपालाचा भरवसा नाही. संध्याकाळी येऊन पत्र दाराखालून आत सरकवीन. बेल वाजवायची हिंमत होईलसं वाटत नाही.

तुझा म्हणायचं की नाही, हे तुझ्यावर सोडून,
धाकटा