दुसरा घाव

आई, तू बाबांना मारलंस त्या दुपारबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. तुझ्याशीही पुरतं बोलले नाही. तू जाऊन बारा वर्षं झाली. बाबा अजून आहेत, माझ्याकडेच असतात.

कला महाविद्यालयाचं माझं शेवटचं वर्ष होतं. सरांनी प्रकल्प दिला होता, चाकाशिवाय, नुसत्या हातांनी बारा भांडी करायची आणि माती आपली आपण शोधून आणायची. मी भाट्याच्या खाडीकाठची माती आणली. दोन भांडी वाळता वाळताच तडकली. तू भाकरी थापता थापता बघितलंस आणि म्हणालीस, "खारी माती ती, टिकायची नाय. माझ्या माहेरी चुलीला घेतात ती आणूया." दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेल्यावर तू दोन गोणपाटं काखेत मारलीस आणि आपण एसटीत बसलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तू न विचारता घराबाहेर पडली होतीस. भातखाचराच्या कोपऱ्यातली माती तू स्वतः खणलीस. येताना गाडीत तुझ्या नखांत चिखल होता आणि तू कंडक्टरशी हसून बोलत होतीस. मला ते इतकं नवीन होतं की मी खिडकीबाहेर बघायचं विसरले.

पुढचा महिनाभर बाबा गेले की आपण मागच्या पडवीत बसायचो. मातीतली हवा काढावी लागते, नाहीतर भट्टीत भांडं फुटतं, एवढंच मी तुला सांगितलं होतं. तू गोळा डोक्यावर उचलून जांभ्याच्या पायरीवर आपटायचीस. पुन्हा उचलायचीस, पुन्हा आपटायचीस. दात आवळलेले, पदर खोचलेला, घामाने पाठ भिजलेली. "बस झालं, आई," म्हटलं तरी थांबायची नाहीस. तुझ्या उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता. आमटी खारट झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी बाबांनी तो तळवा तापल्या तव्यावर दाबून धरला होता. तेव्हा मी दारात उभी होते. उभीच राहिले होते. ओल्या मातीने त्या हाताला बरं वाटतं, असं तू म्हणायचीस. एकावर एक रचायच्या मातीच्या लांब वळ्या तू माझ्याहून सरळ वळायचीस, आणि बारातली पाच भांडी खरं तर तुझीच होती. सात भाजून झाली तेव्हा मुद्दाम तुला दाखवायला मी ती घरी आणली.

तो शनिवार होता. दुपारी दोनला बाबा चपला न काढता आत आले. कचेरीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वहिनी एसटीत दिसल्या होत्या. ते शांतपणे विचारतात, "माहेरी कुणाला विचारून गेलीस?"

"पोरीला कॉलेजसाठी माती हवी होती."

"विचारलंस?"

"नाय."

पहिली थोबाडीत बसते. मग छत्री घेतात. छत्रीची काडी मोडेपर्यंत तुझ्या पाठीवर, दंडावर मारतात. तू आवाज काढत नाहीस, शेजारी ऐकतील म्हणून. मग त्यांचं लक्ष फळीवरच्या भांड्यांकडे जातं. खाली ठेवलेली कच्ची पाच ते पायाने चिरडतात. त्यांचा आवाजही होत नाही. मग भाजलेलं एक उचलून भिंतीवर फोडतात आणि विचारतात, "कुणाचं घर हे?" तू म्हणतेस, "तुमचं." दुसरं फोडतात. "कुणाचं?" "तुमचं." चार भांडी फुटतात, चार वेळा तू उत्तर देतेस. पाचव्या वेळी तू गप्प राहिलीस. त्यांनी तुझा अंबाडा धरला आणि तुझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. त्यानंतर तुझ्या हातात फळीवरचं रुंद तोंडाचं मोठं भांडं कधी आलं ते मला कळलं नाही. तू ते दोन्ही हातांनी उचललंस आणि मातीचा गोळा आपटायचीस तसं त्यांच्या डोक्यात घातलंस.

भांडं फुटलं. बाबा गुडघ्यांवर आले आणि मग आडवे झाले. कपाळातून रक्त येत होतं, फार नाही. तुझ्या हातात भांड्याचा काठ तेवढा राहिला होता. तो तू हळूच खाली ठेवलास आणि म्हणालीस, "रिक्षा बघते," आणि अनवाणी मांडवीच्या रस्त्याकडे धावत सुटलीस.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घाव दोन आहेत. कपाळावरचा वरवरचा आहे, पण कानामागचा खोल गेलाय, कवटीला लागलंय. तू तोंड उघडलंस, तेवढ्यात मी तुझा दंड दाबला आणि सांगितलं, माळ्यावरून भांडी पडली, एकामागून एक. पाचव्या दिवशी हवालदार विचारायला आला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत जड जिभेने म्हणाले, "पडली." ते घरी आले ते उजवा हात लुळा घेऊन. त्यांची नोकरीही गेली आणि तो मारही गेला.

सरांकडे मुदत मागून मी फुटलेली दहा भांडी एकटीने पुन्हा केली. तू पडवीत फिरकली नाहीस. तू बाबांना भरवत होतीस. नऊ वर्षं त्यांना भरवलंस, धुतलंस, पुसलंस, आणि शनिवारी स्वतः जेवणं सोडलंस. एकदा भांडी घासता घासता मला विचारलंस, "बाय, मी दोनदा मारलं काय गो? मला एकदाच आठवतं." मी म्हटलं, "रागात होतीस. आठवत नसेल."

तू एकदाच मारलंस, आई. तू रिक्षा बघायला गेलीस तेव्हा बाबा शुद्धीवर होते. पडल्या पडल्या त्यांनी माझा घोटा पकडला आणि म्हणाले, "येऊ दे तिला. आता जिती ठेवत नाय." भांडं बाहेरून थापटताना आतून आधाराला एक गोल दगड धरतात, तो माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलला. ते उठत नव्हते, आई, त्यांना उठता येतच नव्हतं. हे मला दिसत होतं. तरी मी नीट बघून, कानाच्या मागे मारला. घोट्यावरची पकड सुटली. मग दगड धुतला आणि परसात टाकला. तू आलीस तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

परवा आंघोळ घालताना माझं बोट त्यांच्या कानामागच्या खाचेत अडकलं. बाबा म्हणाले, "तो तुझा." आता त्यांचं बोलणं फक्त मला समजतं. मी विचारलं, "आईला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर तिने भरवलं असतं?" मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं.

रात्रभर त्यांचा राग राग केला आणि सकाळी ध्यानात आलं की मीही त्याच कारणासाठी गप्प राहिले होते. तू विचारलंस त्याच आठवड्यात मला चिपळूणच्या शाळेत नोकरीचं पत्र आलं होतं. खरं सांगितलं असतं तर ताट माझ्या हातात आलं असतं. तू जिवंत असतीस तर हे पत्रही मी लिहिलं नसतं.