दुनळीचा अर्ज

अण्णा, तुमची दुनळी बंदूक अखेर विकली गेली. परवा बंदुकीच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात होतो. जिन्यात जाऊन बोललो, कारण इथे परदेशात बंदूक हा शब्द नुसता काढला तरी माणसं मान वळवून बघतात. क्लेमेंटीला घरी आल्यावर लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबांकडे गन होती? फॉर रिअल आह?" म्हटलं, होती, ती घेऊन ते बँकेच्या दारात उभे राहायचे, आणि स्वतःची बंदूक असेल तरच ती नोकरी मिळायची.

रविवारी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून तुम्ही ती साफ करताय, तेलकट फडक्याच्या वासावरून आई कुरकुर करतेय, मी घोड्याला बोट लावतो आणि पाठीत धपाटा बसतो. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, हे तेव्हाचं. पण त्याहून मोठा ओरडा खाल्ला तो लायसनचं पुस्तक खेळायला घेतलं म्हणून. बंदूक हरवली तर तक्रार देईन, पुस्तक हरवलं तर मीच चोर ठरेन, असं म्हणत तुम्ही ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंत.

तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा दिवसांच्या रजेवर आलो होतो. तेरावं झालं आणि तुमच्याबरोबर बँकेत पाळी करणारे काका घरी आले. त्यांच्या बंदुकीची नळी फुगली होती, दुसरी आणायला बँकेने दोन महिने दिले होते. त्यांचं लायसन चालू होतं. सगळी चौकशीही करून आले होते बिचारे: आईची ना-हरकत, वारस म्हणून माझा अर्ज, विकण्याची पोलीस ठाण्यात लेखी सूचना, मग दीड महिना थांबायचं आणि त्यांच्या पुस्तकात नोंद. "तू फक्त सह्या कर बाळा, हेलपाटे मी घालतो," म्हणाले. मी म्हटलं, काका, मी परदेशात राहतो, ते कायद्यात बसत नाही. दुनळी दुकानदाराकडे जमा केली, पावती घेतली आणि विमान पकडलं. काकांची नोकरी गेली. पुढे ते एका सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन बसायचे, हे आईने फोनवर सांगितलं. एवढं सांगून तिने फोन ठेवला, आणि मला तेच लागलं.

यंदा दुकानदाराने कळवलं की किती वर्षं सांभाळू, विका नाहीतर सरकारजमा करा. मग अर्ज केला. एक फेरी, चार सह्या, दीड महिना. आधी काकांनाच फोन लावला. ते म्हणाले, "आता नजर अधू झाली रे. कुणा लायसनवाल्यालाच दे म्हणजे झालं." रानडुकरांपासून पीक राखायला एका शेतकऱ्याने घेतली.

हा लिहिलेला कागद घडी करून ऑफिसच्या बॅगेत ठेवतोय, तो कुठे जाणार नाही. त्या पंधरा दिवसांत माझ्या बॅगेत पीआरचा, इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा अर्ज होता, अण्णा. ठाण्याच्या कुठल्याही कागदावर मला माझं नाव नको होतं, एवढंच. काकांना अजून वाटतं, कायदा आडवा आला.