रुळातलं तेल

मुक्काम धाड, बाजाराचा दिवस. मार्गशीर्ष, १९६४

आज गाडीचं सरकतं दार एकदाचं दुरुस्त झालं. सकाळी ते असं अडकलं की सुमनला मागच्या खिडकीतून लुगडं सावरत उतरावं लागलं, तेही भरल्या बाजारात. भाजीवाल्या बाया हसल्या. ती तणतणली, "मी आपली अमडापूरले घरी राह्यते. या डब्यात मले नाई जमत."

दिवसभर तेच डोक्यात. तंबूचा सिनेमा घेऊन गावोगाव फिरायचं, राहणं-झोपणं याच गाडीत. बायकोच नसेल तर कसं होणार?

दुपारी दार काढलं. वाटलं, दाराची चाकं झिजली असतील. चाकं ठणठणीत. खालच्या रुळात मात्र तपकिरी चिकटा, डिंकासारखा घट्ट. वास घेतला. जवसाचं तेल! वाळलं की ते असंच धरतं. सुताराचा पोर मी, लाकडाला हेच तेल चोळत वाढलो, आधी कसं सुचलं नाही?

"रुळात तेल कोनं टाकलं वं?"

"मीच टाकत असते. तुमचा खेळ उशिरा सुटते. पहाटे मी उठली अन् दार वाजलं त झोप मोडते ना तुमची."

घासलेटनं सगळं खरवडलं. दार बोटानं सरकायला लागलं. तिनं दोनदा उघडून पाहिलं, चहा ठेवला. अमडापूरचं नाव नाही.

"काय झालं होतं हो त्याले?"

"चाक अडकलं होतं."

हे लिहितोय आणि ती रुळात पुन्हा तेल सोडतेय. तेच, जवसाचं. सांगू का? राहू दे. दार अडकायच्या आधी, महिन्या-महिन्याला, मीच खरवडत जाईन.