चालत जाण्याइतकं जवळ

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९९५, पेण

आजही खोली मिळाली नाही. रोह्याहून परत येईपर्यंत पाय सुजले. शेगुलानं काही न विचारता गरम पाण्याची बादली पुढ्यात ठेवली, मीठ टाकून. मावसबहीण असून सख्ख्यासारखी. तिच्या रामवाडीच्या घरात मी अशी रोज येऊन पडते.

रहमीमला अष्टमीत, रोह्याजवळच्या आमच्या जुन्या गावात, एकच शब्बाथ, म्हणजे शनवार, काढायचा आहे. माझा धाकटा भाऊ — बारा वर्षांनी इस्राएलहून येतोय. शनिवारी, अठराला, बाबांची पुण्यतिथी. बाबांच्या जागी उभं राहून त्याला कद्दिश म्हणायचा आहे, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. आमच्या प्रार्थनाघराला तो आता सिनेगॉग म्हणतो. आम्ही मशीदच म्हणत आलो.

कद्दिशला दहा पुरुष लागतात. मशिदीचं सगळं बघणारे शालोमकाका म्हणाले, अष्टमीत आता नऊच उरलेत. "तो आला की दहा. पण आला पाहिजे हां, मिल्का."

शनवारी गाडीत बसायचं नाही. म्हणजे मुक्काम मशिदीपासून चालत जाण्याइतका जवळ हवा. पूर्वी हा प्रश्न तरी पडला असता का! अख्खी आळी आमची. शुक्रवारी दुपारी घाणा थांबायचा, बैल सुटायचा, बाबा तेलाचे हात पिठानं चोळून धुवायचे. आता त्या आळीत आमचं एकही दार नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

रोह्यात लॉज पाहिला. मालक हैबतराव, भला माणूस. शुक्रवारी तेलाचा दिवा लावणार आणि तो आपोआप विझेपर्यंत कुणी विझवायचा नाही, असं सांगितल्यावर हसायलाच लागला. "बाई, हितं बटन दाबलं की उजेड. तुमच्या दिव्यानं माझी गादी पेटायची." मग स्वतःच म्हणाला, पितळी परातीत ठेवा.

तिथून मशीद म्हणजे पूल ओलांडून अष्टमीत. चालून पाहिलं. पुलावर वारा फार, पण जमतं. रहमीम तर याच पुलावरून कुंडलिकेत उड्या मारायचा. मी काठावर त्याची चड्डी सांभाळत ओरडत असायची.

शुक्रवार, १० फेब्रुवारी, दुपार

शेजाऱ्यांकडे रहमीमचा फोन. लॉजचं सांगितलं. म्हणाला, "ताई, आणखी जवळ नाही का मिळणार?"

मला रागच आला. म्हटलं, "पायाला मेंदी लावलीयस का रे?"

हसला. "बघ, जमलं तर."

तिकडे गेलं की माणसं कडक होतात. आम्ही काय शनवार पाळत नाही? पण इतकं मोजूनमापून नाही.

दिवा लावायची वेळ झाली. बास.

रविवार, १२ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. शनवारी लेखणी धरायची नाही, ही सवय घरची. पण ती टिकवली कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी. शनिवारी त्या स्वतः माझी वही मिटून कपाटात ठेवायच्या. "तुझ्या देवाची सुटी आहे पोरी, तू कोण लागून गेलीस?" फार आठवतात.

आज अष्टमीत दारोदार. सगळ्या खोल्या कंपनीतल्या पोरांना दिलेल्या. एका खोलीत तर एकाची शिफ्ट सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, खाट थंड म्हणून होत नाही. एका दारात बाईनं विचारलं, "एका दिवसासाठी कोण खोली घेतं गो?" काय सांगणार?

थकले. खरंच थकले.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मिळाली!

सगुणाबाईंची माडी. मशिदीच्या मागच्याच गल्लीत. मला दारात बघूनच म्हणाल्या, "शनवार तेल्यांची ना गो तू? तुझ्या बापाच्या तेलानं आमच्या सासूबाईंची समई जळायची." मी काही सांगायच्या आतच पुढे, "शनवारी चूल मी पेटवीन. तू हात लावू नको. ठावं हाय मला."

डोळे भरून आले. इतक्या दिवसांत कुणी ओळखलं नव्हतं.

जिना लाकडी, उभा, दोर धरून चढायचा. मला धाप लागली, पण दोष माझ्या गुडघ्यांचा. रहमीम दोन ढांगांत चढेल. वर खिडकीतून मशिदीचं छप्पर दिसतं. खाली उतरून दारापर्यंत चालून आले, पुन्हा एकदा चालले. चालणं असं नाहीच! आता बोल म्हणावं काय बोलायचं ते.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी, अष्टमी, दिव्याच्या आधी

घाईत लिहितेय. टॅक्सीतून आधी कुबड्या बाहेर आल्या. मग रहमीम.

डावा पाय गुडघ्याखाली नाही. साखरेनं गेला, गेल्या वर्षी. कळवलंही नाही. "कळवलं असतं तर ये म्हणाली असतीस?"

सगुणाबाईंच्या मुलांनी खुर्चीत बसवून वर नेलं. उद्या असं खाली आणणं नको म्हणतो. शनवारी ओझं वाहायचं नाही, वाहायला लावायचंही नाही — आणि तो स्वतःला ओझंच म्हणाला.

मी रस्ता बघितला. जिना बघितलाच नाही. मेंदी म्हणाले मी त्याला.

खिडकीशी बसलाय, छपराकडे बघत. शालोमकाकांना निरोप धाडला — नऊच समजा.

शनिवार, १८ फेब्रुवारी, चांदण्या दिसून शनवार सुटल्यावर

सकाळी जिना वाजला. दम्याचे शालोमकाका सगळ्यांत पुढे, दोर धरून, पायरीपायरीला थांबत. मागे बाकीचे. मी बाजूला झाले, तर म्हणाले, "सरक गो. आज हीच मशीद जवळ पडली."

मी खाली येऊन उभी राहिले. वरून रहमीमचा आवाज आला, थेट बाबांसारखा. जिन्याशी सगुणाबाईंनी वहाणा ओळीनं लावल्या होत्या. नऊ जोड, आणि शेवटी एक बूट.