अण्णांच्या नडगीची पट्टी

ती. ताईस साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घे). तुझे गुडघे बरे असतील, वॉर्डातली पळापळ कमी झाली असेल. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे अण्णांची नडगी सोडून.

स्टुलावर चढायला कोणी सांगितले होते, हे त्यांना विचारायची सोय नाही. नडगी सोलवटली आणि साखरेच्या दुखण्यामुळे महिना झाला तरी जखम भरेना. परक्याच्या हाती पाय द्यायला ते तयार नाहीत, म्हणून पट्टी बांधणे माझ्याकडे आले. पहिले आठ दिवस मी कोरडा गॉज थेट जखमेवर ठेवायचो आणि सकाळी खसकन ओढायचो. आलेली कोवळी कातडी त्याबरोबर निघायची, आणि मीच घरभर सांगत फिरायचो की जखम भरत नाही.

खरा पराक्रम पुढचा. सेवेचे काम, म्हणून पट्टी गुंडाळताना मी प्रार्थना म्हणू लागलो. आता प्रार्थना अर्ध्यावर सोडवत नाही. पट्टी संपायची, प्रार्थना उरायची. मग दुसरी पट्टी. शिवाय शेवटच्या ओळींना भाव दाटून येतो, तसा हातही आवळतो (हे मला ठाऊक नव्हते, अण्णांना होते). तिसऱ्या दिवशी बोटे जांभळी पडली.

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, हा पाय आहे की पार्सल? अजून एक दिवस गेला असता तर बोट गेलं असतं!" मग त्यांनी शिकवले. जखमेवर न चिकटणारी जाळी, पट्टी बोटांकडून वर, बोटे उघडी. नख दाबून सोडले की लाली लगेच परतली पाहिजे. मी मान डोलावत होतो, तेवढ्यात अण्णा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाले, "आमची थोरली याहून सुबक बांधते."

ताई, साखरेच्या डब्याला कुलूप लावून तू किल्लीसकट निघून गेलीस, तेव्हापासून दोन वर्षे तुझे नाव न काढणारे हेच अण्णा. मी आता थकलो आहे. देवाने मला भक्ती दिली, हात दिले नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. तुला बोलावण्यासाठी हे लिहिलेले नाही. पण आलीस तर किल्ली आणू नकोस. कुलूप तू गेलीस त्याच संध्याकाळी फुटले.

ता. क. २. अण्णांनी पत्र वाचून घेतले. म्हणाले, "पट्टी चार इंची घ्यायची की सहा, तेवढं तिला विचार." चार इंचीचा अख्खा खोका त्यांनीच आणवून उशाशी ठेवला आहे. तेव्हा उत्तर पत्राने पाठवू नकोस.